न झिजलेले काठ

१

जुनं घर खोटं बोलत नाही, विकणारा बोलतो. माझं पोट या एका गोष्टीवर चालतं. घर घेण्याआधी लोक मला बोलावतात. मी टॉर्च, ओल मोजायचं यंत्र आणि लाकडी मुठीची छोटी हातोडी घेऊन जाते आणि दोन तासांत त्यांच्या आनंदावर विरजण घालून परत येते. छत गळतंय, तुळईला वाळवी आहे, नवीन रंगाखाली जुनी भेग आहे, अशी माझी भाषा. ताईचा नवरा मला नन्नाबाई म्हणतो. बारा वर्षांत मी एकाही घराला सरळ 'घ्या' म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे भाऊजींनी दिलेलं ते नाव मला चिकटलं.

आमच्या भागात गेली चार वर्षं जुन्या घरांना सोन्याचे दिवस आलेत. नोकऱ्या शहरात आणि झाडं, अंगणं इकडे, म्हणून सगळ्यांना इकडेच राहायला यायचंय. नळ उघडला की आधी खोकतो आणि मग पाणी देतो, अशा घरासाठी शनिवारी सकाळी पंचवीस माणसं फाटकापाशी उभी असतात. एजंट घर दोन तास उघडं ठेवतो, लोक बघून जातात, आठवडाभरात बंद पाकिटातून आपापला आकडा देतात. आणि पाकीट उजवं ठरावं म्हणून आकड्याखाली एक ओळ लिहितात, 'आमची तपासणीची अट नाही.' म्हणजे घर जसं आहे तसं, आत काय निघेल ते आमचं नशीब. त्या एका ओळीने माझा धंदा पार बुडवला. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून म्हणतात. आता घर बघायलाही कोणी थांबत नाही.

ताईने अकरा घरं घालवली होती. सात ठिकाणी कोणीतरी जास्त आकडा दिला, चार ठिकाणी मी नको म्हटलं. भाऊजी जहाजावर असतात, वर्षातले आठ महिने समुद्रात. तिथून ते फोनवर एवढंच म्हणायचे, "तुम्ही दोघी ठरवा, मला फक्त पत्ता कळवा, म्हणजे मी चुकीच्या घरी शिरणार नाही." त्यांची पंधरा वर्षांची पुंजी आणि ताईचा राहता फ्लॅट विकून आलेले पैसे एवढंच त्यांच्यापाशी होतं. फ्लॅट रिकामा करून द्यायला दीड महिना उरला होता आणि त्यात ताई बसमधून उतरताना पडली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

"आता तूच माझे पाय," ती म्हणाली. "तू हो म्हणालीस की मी पाकीट देते. तपासणीची अट घालणार नाही. घरातच तपासनीस असताना अट कशाला?"

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचे बाबा गवंडी होते. भिंतीवर बोट वाजवून ती आतून भरीव आहे की पोकळ, हे त्यांनी आम्हा दोघींना शाळेत जायच्या आधी शिकवलं. आमच्या दोघींच्या खाटांच्या मध्ये एक पातळ भिंत होती आणि त्या भिंतीवर आमची स्वतःची भाषा तयार झाली. दोन हलक्या थापा आणि एक जोराची म्हणजे 'जागी आहेस का?' तीन जोराच्या म्हणजे 'येऊ नकोस, आई जागी आहे.' पुढे ताई बँकेत गेली आणि मी बाबांच्या वाटेने. पण आजही कुठलीही भिंत तपासताना माझा हात आपसूक तसाच पडतो, दोन हलक्या, एक जोराची.

२

ते घर ऐंशी वर्षांचं होतं. दोन मजली, विटांचं, पुढे हातभर अंगण. किंमत ऐकून मी एजंटला विचारलं, "यात शेजारचं घरही धरलंय का?" तो हसला नाही. उंच, नीटनेटका माणूस, हातात यादी. त्याने ताईचं प्लास्टर बघितलं आणि जिन्यासमोर एक खुर्ची आणून ठेवली.

"तुम्ही बसा. वर त्या जाऊन येतील," तो म्हणाला.

मी नेहमीप्रमाणे झीज बघत खालच्या खोल्या फिरले. घरात कोण कसं राहिलं ते झिजेवरून कळतं. स्वयंपाकघरात ओट्यासमोरची फरशी पुसट झाली होती, म्हणजे इथे कोणीतरी वर्षानुवर्षं डाव्या पायावर भार देऊन उभं राहिलं. दाराची कडी खालच्या बाजूने चकचकीत, म्हणजे घरात मुलं होती. ओल नव्हती. भिंती भरीव होत्या. घर चांगलं होतं आणि मला ते आवडायला लागलं होतं, हे मी कबूल करते.

मग मी जिन्याशी आले आणि थबकले.

जिना कसा झिजतो ते सांगते. चढताना पाऊल पायरीच्या पोटात पडतं, म्हणून जुनी पायरी मधोमध खोलगट होते. उतरताना टाच काठावरून घसटत येते, म्हणून काठ गोल होतो. कुठल्याही जुन्या घरात दोन्ही खुणा दिसतात, कारण चढलेला माणूस उतरतो. या जिन्याच्या पंधराही पायऱ्या मधोमध इतक्या खोल झाल्या होत्या की वाटीभर पाणी राहावं. आणि काठ मात्र धारदार होते, सुताराने काल रंधा मारून ठेवल्यासारखे. मी गुडघ्यावर बसून अंगठा फिरवला. कठड्यालाही हात लावून पाहिला. उतरणाऱ्यांचे तळवे घसरून जुना कठडा गुळगुळीत होतो. हा खरखरीत होता.

"काय गं, काही सापडलं का?" खुर्चीतून ताईने विचारलं. तिच्या आवाजात धाकधूक होती. अकरा वेळा तिने माझं तोंड असंच वाचलं होतं.

"काही नाही. गंमत आहे," मी म्हटलं. "बघून येते."

मी चढले. प्रत्येक पायरी आपापल्या सुरात वाजली. वर तीन खोल्या आहेत. खोल्या चांगल्या आहेत. उजेड भरपूर आहे. मी भिंती ठोकून पाहिल्या. मग मी खाली आले.

"अगंबाई," ताई दचकली. "कधी आलीस? कळलंच नाही मला."

"आत्ताच."

"कसं आहे वर?"

"चांगलं आहे," मी म्हणाले. "घे."

 ताईचे डोळे भरून आले. ते बघून मला बरं वाटलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी कोणाला तरी हो म्हटलं होतं आणि ती माझीच बहीण होती.

गाडीत बसल्यावर पिशवी उघडली तेव्हा हातोडी नव्हती. बाबांची हातोडी. मूठ माझ्या हाताच्या आकाराने झिजलेली. ती मी आजवर कधीही, कुठेही विसरले नव्हते.

३

रविवारी ताईसाठी घराची टिपणं नीट लिहायला बसले. खालच्या मजल्याची अडीच पानं झाली. वरच्या मजल्याशी आले आणि हात थांबला. वहीत माझ्याच अक्षरात चार वाक्यं होती. वर तीन खोल्या आहेत. खोल्या चांगल्या आहेत. उजेड भरपूर आहे. भिंती ठोकून पाहिल्या. यापलीकडे काही नव्हतं, आणि डोक्यातही नव्हतं. खिडक्या किती? आठवेना. फरशी कसली? आठवेना. लोकांच्या घरातला खिळासुद्धा वर्षभर लक्षात ठेवणारी मी. म्हटलं, वय झालं.

जिन्याचा मात्र मी पिच्छा सोडला नाही. पायऱ्यांचे काठ मागाहून नवे बसवले असतील का? तसं असतं तर जोड दिसला असता. वर जायला हा जिना आणि यायला दुसरा, असं असेल का? मी एजंटला फोन लावला.

"दुसरा जिना नाही," तो म्हणाला. "का हो?"

"वर गेलेली माणसं खाली कशी येत होती, याचा विचार करतेय."

"चालत," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "बाई, या घराचं एक सांगतो. वर जाऊन आलेला प्रत्येक माणूस पाकीट देतो. एकसुद्धा नाही म्हणत नाही. बाकीच्या घरांसाठी मला घसा कोरडा करावा लागतो, इथे मी नुसता दाराशी उभा असतो."

"तुम्ही वर गेलात तेव्हा तुम्हालाही घ्यावंसं वाटलं का?"

"मी वर कधी गेलोच नाही," तो म्हणाला. "गरज पडली नाही."

त्या आठवड्यात दोन घरांच्या तपासण्या केल्या. नवी हातोडी आणली होती, पण ती हाताला बसेना. भिंतीवर मारली तरी आवाजच येईना, ना भरीव ना पोकळ. हत्यार बदललं की हात बिघडतो, असं बाबा म्हणायचे. मी डोळ्यांनी दिसेल तेवढं लिहिलं आणि दोन्ही घरं घेणाऱ्यांना 'चांगलं आहे' म्हणून सांगितलं. भाऊजींना कळलं तेव्हा त्यांनी समुद्रातून निरोप पाठवला, 'नन्नाबाईंची तब्येत बरी आहे ना?'

४

पाकिटं सोमवारी उघडायची होती. त्याआधीच्या शनिवारी घर शेवटचं उघडं राहणार होतं. ताईला न सांगता मी पुन्हा गेले. एजंटला म्हटलं, हातोडी राहिलीये.

"मग वर जाऊन घेऊन या," तो म्हणाला.

मी जिन्याशी गेले आणि मला वर जावंसं वाटलं नाही. भीती नव्हती. जेवून उठल्यावर ताटाकडे पाहून जसं वाटतं तसं वाटलं, माझं तिथलं काम झालेलं होतं. मी ताईच्या खुर्चीत बसले.

पिशवीत सुताराच्या दोरीचा रंग होता. फळीवर सरळ रेघ मारायला सुतार दोरी रंगाच्या भुकटीत बुडवतात, तो विटकरी रंग. एजंट फाटकाशी गेला तेव्हा मी तिसऱ्या पायरीवर आणि तिच्या काठावर चिमूटभर भुकटी पसरली. जुन्या लाकडावर ती कोणाला दिसणार नव्हती.

पहिलं जोडपं आलं ते ओळखीचं होतं. जुनी घरं बघत फिरणारी माणसं शेवटी तीच ती असतात. हे दोघं प्रत्येक घरात भांडायचे आणि आम्ही दोघी बहिणी त्यांना 'तू-तू मी-मी' म्हणायचो. आजही ते भांडतच जिना चढले. त्याचं म्हणणं गाडी कुठे लावायची, तिचं म्हणणं गाडीच विकायची. पायऱ्या वाजल्या. वर चालण्याचा आवाज आला, मग आला नाही.

सहा मिनिटांनी ते खाली आले. पायऱ्या वाजल्या नाहीत. मी कान टवकारून बसले होते, तरी नाही. ते शेवटच्या पायरीवरून उतरले, माझ्याकडे बघून दोघंही सारखंच हसले आणि तो तिला म्हणाला, "चांगलं आहे." ती म्हणाली, "उजेड भरपूर आहे." मग ते हातात हात घालून एजंटकडे गेले.

मी वाकून तिसरी पायरी बघितली. भुकटीत दोन पावलं होती, दोन्ही वर जाणारी. काठावरची भुकटी मी पसरली होती तशीच्या तशी होती.

तासाभरात सतरा माणसं वर गेली, सतराच्या सतरा खाली आली. मी प्रत्येक खेपेला बघत होते. एक जाडजूड गृहस्थ चढले तेव्हा कठडासुद्धा कुरकुरला. उतरताना ते आपले असे आले की वाऱ्याने पडदा हलावा. पायरीवर वर जाणारी पावलं एकावर एक साचून भुकटी पार पुसली गेली. काठावर शेवटपर्यंत एक ओरखडा उठला नाही.

यात मला काय वाटायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. घाम फुटायला हवा होता. मला मात्र कोडं पुढ्यात आल्यासारखं वाटत होतं, आणि कोडं सोडवणाऱ्याच्या उत्सुकतेने मी बघत होते. कोणी खाली आलं नाही म्हणावं तर सगळे समोर. सगळे आले म्हणावं तर पायरी नाही म्हणते. माणसावर विश्वास ठेवायचा की लाकडावर? माझ्या धंद्यात लाकडावर ठेवतात.

बारा वाजता घर रिकामं झालं. एजंट खिडक्या लावत होता. तेव्हा वरून आवाज आला. दोन हलके, एक जोराचा. थोडं थांबून पुन्हा दोन हलके, एक जोराचा.

"कोणीतरी राहिलंय वर," मी म्हटलं.

त्याने यादी बघितली. "कोणी नाही. जुन्या घरात पाइप वाजतात, तुम्हीच सांगता ना लोकांना?"

सांगते खरी. मी फाटकापर्यंत आले तरी ते वाजत होतं. कोणीतरी जाणकार भिंत तपासत होतं, जागा सोडून सोडून, नीट, घाई न करता. हात चांगला आहे, असं माझ्या मनात आलं.

घरी पोचल्यावर हे सगळं सांगायला ताईला फोन लावला. ती 'हॅलो' म्हणाली आणि मी तिला पडद्यांसाठी कुठलं कापड घ्यावं ते सांगू लागले. पाऊण तास आम्ही पडद्यांवर बोललो. फोन ठेवल्यावर आठवलं की मला दुसरंच सांगायचं होतं. मी पुन्हा फोन लावला नाही.

५

सोमवारी ताईचं पाकीट लागलं. तू-तू मी-मींपेक्षा तिचा आकडा किंचित कमी होता, पण त्यांनी तपासणीची अट ठेवली होती आणि ताईने नव्हती. घरच्या तपासनिसावर विश्वास ठेवला होता. फोनवर ती रडत होती आणि हसत होती. "तुझ्यामुळे झालं गं," असं तीनदा म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी मी माझे कामावरचे बूट काढले आणि उलटे करून बघितले. का बघितले ते सांगता येणार नाही, सवय म्हणा. हे बूट मी त्या पहिल्या शनिवारच्या आदल्या दिवशी नवीन घेतले होते. डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजवायची माझी खोड आहे, महिन्याभरात बूट तिरका होतो. या बुटाला दहा दिवस होऊन गेले होते. दुकानदाराने डाव्या टाचेखाली चिकटवलेली मापाची चिठ्ठी अजून जागच्या जागी होती. तिच्यावरची शाई पण पुसली नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. विटकरी भुकटीची पुडी पिशवीत होतीच. फरशीवर दारापासून खिडकीपर्यंत ती हाताने सारखी पसरली, दिवा लावला, आणि अनवाणी त्यावरून चालत गेले. खिडकीपाशी पोचल्यावर मागे वळून बघितलं.

भुकटी सुंदर पसरली होती. बाबा म्हणायचे, गिलावा असा हवा की मुंगी चालली तर कळावं.

 मग फरशी पुसून घेतली. ताईला फोन करावा असं वाटलं आणि काय बोलणं होईल तेही कळलं. नळाविषयी, रंगाविषयी, सामान कधी हलवायचं याविषयी बोलणं होईल. ताईवर माझी माया आहे. हे मी अगदी तपासून सांगते, माया जशीच्या तशी आहे. फक्त तिला थोपवायचं म्हटलं की तोंडातून भलतंच निघतं.

६

किल्ली आज मिळाली. सकाळी अकराची वेळ. ताईचं प्लास्टर परवाच निघालं, तरी ती काठी घेऊन चालते आहे. भाऊजींचा निरोप आलाय, 'पत्ता पाठ केला.' ताईने स्वतः कुलूप काढलं, उंबऱ्याशी क्षणभर थांबली आणि मग एकेक खोली हात लावत फिरली. ओट्यासमोरच्या पुसट फरशीवर उभी राहिली आणि म्हणाली, "इथे मी डाव्या पायावर भार देऊन उभी राहणार." मी पूर्वी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं.

मग ती जिन्याशी आली.

"चल, आता माझ्या पायांनी बघते वरचं," ती म्हणाली. तिने कठड्याला हात लावला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. पायरी वाजली.

वरून उत्तर आलं. दोन हलके, एक जोराचा.

ताई थांबली. तिने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, लहानपणचं. मग तिने वळून मला बघितलं, आणि ते हसू तिथेच राहून गेलं.

"तू तर इथे आहेस," ती म्हणाली.

"पाइप असतील," मी म्हटलं. "वर चांगलं आहे. उजेड भरपूर आहे."

ताईने काठी सोडून दिली. तिने बोटाची गाठ कठड्याच्या खांबावर आपटली. दोन हलक्या, एक जोराची. 'जागी आहेस का?'

 मग वरून धडाधड तीन आले, तिन्ही जोराचे. जरा थांबून पुन्हा तीन. हातोडीचे होते. लाकडी मुठीची हातोडी गिलाव्यावर पडली की कशी वाजते, हे आम्हा दोघींना झोपेतही कळेल.

'येऊ नकोस.'

ताई पायरीवरून खाली उतरली. ती माझ्याजवळ आली, अगदी जवळ, आणि लहानपणी ताप आलाय का ते बघायची तशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"वाजव बघू," ती म्हणाली. "या खांबावर. आपलं वाजव."

मी वाजवलं. दोन हलक्या, एक जोराची. हात व्यवस्थित पडला, जोर व्यवस्थित होता. आवाज आला नाही. मी पुन्हा वाजवलं. ताई माझ्या बोटांकडे आणि खांबाकडे बघत होती, आणि खोली इतकी शांत होती की मला तिचा श्वास ऐकू येत होता. फक्त तिचाच.

वरती ठोकणं पुन्हा सुरू झालं. तीन, तीन, तीन. आता त्यात घाई होती.

मला वाटलं ती दाराकडे पळेल. शहाण्या माणसाने तेच केलं असतं, आणि वर जी कोणी आहे तीही तेच सांगत होती. पण ताई लहानपणीसुद्धा तीन ठोके ऐकून कधी थांबली नाही. 'येऊ नकोस' म्हटलं की ती हमखास यायची, हातात पांघरूण घेऊन, कारण मी उगाच ठोकत नाही हे तिला माहीत होतं.

तिने डोळे पुसले. पदर खोचला. मग जिन्याच्या तोंडाशी मी उभी होते तिथे येऊन ती मला म्हणाली, दुकानात वाटेत उभ्या राहिलेल्या अनोळखी बाईला म्हणावं तसं, शांतपणे, "तुम्ही जरा बाजूला व्हा."

चाळीस वर्षांत तिने मला तुम्ही म्हटलं नव्हतं. ते मला लागलं. लागलं हे बघून मला नवलही वाटलं. मी बाजूला झाले.

ती चढते आहे. दुखरा पाय ओढत, एकेक पायरी. सहावी वाजली, सातवी वाजली. "आले गं," ती वर बघून म्हणते आहे, "आले, थांब." वरचे ठोके थांबले आहेत. बारावी. तेरावी थोडी जास्त कुरकुरते. आता ती वळणाआड गेली.

मी पायथ्याशी कान लावून उभी आहे. यानंतर काय होतं ते मी सतरा माणसांचं बघितलंय. सहा मिनिटं जातात आणि जिना न वाजता माणूस खाली येतो, म्हणतो चांगलं आहे. पण त्या सतरापैकी कोणीही वरच्या माणसाला आणायला म्हणून गेलं नव्हतं. ते नुसतं घर बघायला गेले होते.

एका माणसाच्या वजनाने हा जिना कसा वाजतो ते मला पाठ आहे. दोघींच्या वजनाने, उतरताना, काठांवरून, कसा वाजेल ते अजून ऐकलेलं नाही. ऐकावं असं फार वाटतं आहे. त्या दोघी खरंच खाली आल्या तर मग मी कुठे उभं राहायचं, याचाही मी विचार करते आहे, आणि मघापासून माझा हात त्या खांबावर दोन हलक्या, एक जोराची वाजवतो आहे.